नामावळीचे फोटो तुम्हीच काढा

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर क्षेत्रींच्या समस्त तीर्थोपाध्याय मंडळींस,



पत्राचं कारण आधीच सांगून टाकते. तुमच्या घरांत फडक्यांत बांधून ठेवलेल्या नामावळ्यांचे फोटो काढले जावेत, ते तुम्हीच काढावेत आणि दुसऱ्या कुणी येऊन काढण्याआधी काढावेत, एवढी माझी विनंती आहे. बाकीचं पत्र हे ‘का’ आणि ‘कसं’ यासाठी.

मी मोडी वाचते. लोकांचे घरातले जुने कागद वाचून देते, त्यामुळे वंशावळ शोधणारी माणसं माझ्याकडे येतात. पूर्वी येणारे बहुधा निवृत्त गृहस्थ असत. बगलेत घराण्याचा कुलवृत्तांत, पिशवीत वहीच्या पानांना पानं चिकटवून काढलेला वंशवृक्ष, आणि आमचं मूळ गाव कोणतं हा एकच प्रश्न. आता येणारी मुलगी तिशीतली असते. ती पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत नोकरी करते. तिच्या फोनवर वंशवृक्ष तयारच असतो; चारशे नावांचा, रंगीत, फांद्यांना स्पर्श केला की उघडणारा. त्यातली वरची निम्मी नावं तिला कुठून आली हे तिलाच ठाऊक नसतं. कुण्या लांबच्या चुलतभावाने चढवली, यंत्राने ‘हा तुमचा पूर्वज असू शकतो’ असं सुचवलं, तिने होकार दिला. झालं, खापरपणजोबा मिळाले.

अशा वेळी मी विचारते, “नाशिकला कुणी गेलं होतं का?”

ही नामावळी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे गंगेला पाणी दाखवणं. पण हे पत्र तुमच्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून दोन ओळी लिहिते. यजमान रामकुंडावर किंवा कुशावर्तावर येतो. तुम्ही आडनाव, गाव, जात विचारता आणि त्यावरून त्याचे उपाध्ये कोण ते ठरतं. मग चोपडी उघडते. त्याच्या आधी त्या घरातून कोण आलं होतं, कधी आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, भाऊ किती, मुलं किती हे सगळं त्यात असतं. पुष्कळदा आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख आणि खाली सही असते. तोही आपला लेख लिहून देतो आणि जातो. शेकडो वर्षं हे असंच चाललंय. ना सरकारचा हुकूम, ना अनुदान.

श्राद्धाचा संकल्प सांगताना तुम्ही तीन पिढ्या विचारता. वडील, आजोबा पटकन येतात. पणजोबाला माणूस अडखळतो. हे अडखळणं आता वाढत जाणार, कारण ज्यांना विचारायचं ती माणसं गेली, आणि एकत्र घरं मोडल्यामुळे कागदही वाटणीत विखुरले. म्हणून लोक यंत्राकडे वळतात. त्यात त्यांचा दोष नाही.

या यंत्राच्या मागे कोण उभं आहे, ते पाहिलं तर तुम्हाला गंमत वाटेल. वंशावळींचा जगातला सर्वांत मोठा साठा अमेरिकेत यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे. तिथल्या मॉर्मन पंथाने १८९४ मध्ये वंशावळींसाठी एक संस्था काढली. त्यांची श्रद्धा अशी की, मेलेल्या पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाला धार्मिक संस्कार करता येतात. त्यासाठी पूर्वजाचं नाव नेमकं ठाऊक हवं. म्हणजे एका अर्थी ते तुमचे व्यवसायबंधूच! या श्रद्धेपोटी त्यांनी १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या, त्या ठेवायला डोंगर पोखरून कोठार बांधलं, आणि सुमारे २४ लाख रिळं २०२१ पर्यंत डिजिटल करून ‘फॅमिलीसर्च’ या नावाने फुकट खुली केली. तुमच्या हरिद्वारच्या बंधूंच्या बह्यांचे फोटो त्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासूनच घ्यायला सुरुवात केली होती. हरिद्वारचा पंडा आजही आपल्या जागी बसलेला आहे आणि यजमान आजही त्याच्याकडे येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

फोटो काढणं ही जुनी गोष्ट झाली. गेल्या काही वर्षांत बदललंय ते वेगळंच. यंत्राला हस्ताक्षर वाचता येऊ लागलंय. अमेरिकेत जनगणनेची नावनिशीवार पत्रकं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची पत्रकं १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, तेव्हा हाताने लिहिलेली कोट्यवधी नावं आधी यंत्राने वाचली आणि मग माणसांनी दुरुस्त केली. पूर्वी अशी सूची करायला वर्षानुवर्षं लागत. आपल्याकडे हा दरवाजाच नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघरातून भरून घेतलेली पत्रकं गोपनीय ठरतात, आणि ती अमुक वर्षांनी खुली करण्याची रीत आपण ठेवलेली नाही. इंग्रज माणूस १९२१ सालचं आपल्या पणजीचं घर, तिचा धंदा, घरातली माणसं हे सगळं घरबसल्या पाहतो. आपल्या पणजीची तशी नोंद पाहायला आपल्याला वाव नाही. म्हणूनच तुमच्या चोपड्यांचं मोल इतर देशांतल्या अशा कागदांपेक्षा जास्त आहे.

मोडीच्या बाबतीतही हालचाल सुरू झाली आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने त्याआधी मोडी अस्तित्वातच नव्हती. २०२५ मध्ये रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोडी पानाचं थेट देवनागरी करणारी प्रणाली मांडली. ती शिकवण्यासाठी त्यांच्यापाशी होती २,०४३ पानांची चित्रं. एकट्या पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत; त्यांपुढे दोन हजार पानं म्हणजे किती? तरीही हा आरंभ आहे, आणि तो मला खोटा वाटत नाही. दहा वर्षांत एखादं यंत्र तुमच्या चोपडीतलं पान बऱ्यापैकी वाचेल, असं मी समजून चालते. ते कुणाच्या हातात असेल आणि त्याला पानं कुणी दिलेली असतील, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्राने या बदलाची चव २०२३ मध्ये घेतली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती त्या सप्टेंबरात नेमली गेली, आणि कुणबी नोंदींसाठी आधी मराठवाड्यातली, मग राज्यभरची दप्तरं उघडली. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुक, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. एरवी ही नावं तलाठ्याखेरीज कुणाच्या तोंडी नसत. ती गावागावातल्या कट्ट्यांवर ऐकू येऊ लागली. तहसील कचेरीत मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. सापडलेल्या नोंदींचा आकडा पुढच्या जानेवारीपर्यंत ५४ लाखांच्या वर गेल्याचं सरकारने सांगितलं, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय याद्यांच्या फाइली चढल्या. त्याच सुमारास तुमच्या दारीही माणसं येऊ लागली. पिंडदानाला नव्हे, पुराव्याला.

आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. मला दिसली ती वेगळी गोष्ट. महाराष्ट्राच्या इतिहासात वंशावळीचा एवढा मोठा शोध पूर्वी कधी झाला नसेल, पण तो झाला पानावरच्या एकाच रकान्यासाठी. जातीचा रकाना पाहिला, छायाचित्र घेतलं, पुढचं पान. त्याच नमुना १४ मध्ये माणूस कशाने मेला हेही लिहिलेलं असतं. पटकी, ताप, प्लेग. एकाच घरातली तीन नावं एकाच पंधरवड्यात आली की त्या घरावर काय कोसळलं असेल ते समजतं. आठ दिवसांच्या बाळाची नोंद असते, बाळंतिणीची असते. हे कुणी वाचलं नाही, कारण त्याने दाखला मिळत नाही. सरकारी मुदतीच्या धबडग्यात दुसरं काय होणार होतं? पण त्यावरून एक शिकायला हवं: कागद एकदाच उघडणार असेल, तर अख्खा उघडावा.

इथे जरा आडवाटेने जाते. घराण्याचा इतिहास शोधायला महाराष्ट्रातला सर्वांत कमी लेखलेला कागद म्हणजे फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. जमीनधारक मेला की वारस नोंदवले जातात, आणि तिथे विधवेचं नाव येतं, मुलींची नावं सासरच्या आडनावांसह येतात. मग काही महिन्यांनी दुसरा फेरफार: बहिणींनी हक्क सोडला. एखाद्या आजीला दोन बहिणी होत्या आणि त्या कुठे दिल्या होत्या, हे मला कितीदा तरी या रुक्ष कागदावरून सांगता आलंय. जुने फेरफार, सातबारे स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’वर आल्यापासून हे काम मुंबईत बसूनही होतं. महसूल खात्याने हे वंशशोधकांसाठी केलं नाही हे खरं, पण उपकार झाले ते झालेच.

ज्यांच्या नावावर जमीन नव्हती आणि ज्यांचं नाव तुमच्या चोपडीतही नाही, त्यांचं काय? हे तुम्हाला विचारल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तो ज्यांना आत येऊ दिलं जात नव्हतं त्यांचा होता. क्षेत्राने ज्यांना दूर ठेवलं, त्यांच्या पूर्वजांच्या सह्या क्षेत्राच्या चोपडीत कशा असतील? त्यांचा इतिहास शाळेच्या रजिस्टरात, पलटणीच्या कागदांत, गिरणीच्या हजेरीत, कोतवाल बुकात आहे. किंवा समुद्रापलीकडे. रत्नागिरी-साताऱ्याकडून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या गिरमिट्यांची, म्हणजे करारावरच्या मजुरांची, नोंद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नंबर, बापाचं नाव, गाव, आणि अनेकांचे फोटोसुद्धा. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळेल असं जाहीर केल्यापासून तिकडची मराठी माणसंही या नोंदी काढून पाहू लागली आहेत. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं गावाचं नाव घेऊन कुणी आलं की आम्ही तालुक्याच्या नकाशावर बोट फिरवत बसतो. तंत्रज्ञानाचा खरा फायदा चोपडीवाल्या घरांपेक्षा या बिनचोपडीच्या घरांना जास्त झालाय, असं माझं मत आहे. चोपडीवाल्यांकडे आधीच काही होतं.

आता यंत्र कुठे घसरतं ते सांगते, कारण तिथेच तुमची गरज आहे. आपल्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. गणेश नारायण, त्याचा मुलगा नारायण गणेश, त्याचा पुन्हा गणेश नारायण. हे प्रोग्रॅम ज्या समाजात घडले तिथे ही रीत इतकी नेमाने चालत नाही. त्यामुळे यंत्र आजोबा-नातवाला खुशाल एक करून टाकतं, आणि मग एक मनुष्य एकशे दहा वर्षं जगतो, दोन बायका करतो, आपल्याच मुलाचा मुलगा होतो. दत्तकाने आडनाव आणि बाप दोन्ही बदलतात. गाव सुटलं की कुलकर्ण्याचा अमुककर होतो, त्याचा भाऊ कुलकर्णीच राहतो. तारखांचं त्याहून अवघड. शक असेल तर ७८ मिळवले की बरंचसं काम होतं. फसलीत ५९० किंवा ५९१, शुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि या दोन्हींचं वर्ष मृगात उघडतं. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर साठ वर्षांचा घोळ. विकारी संवत्सर २०१९ मध्ये लागलं, तसंच १९५९ मध्ये आणि १८९९ मध्येही. साठ वर्षं चुकली म्हणजे दोन पिढ्या चुकल्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो, शब्द तोडलेले नसतात. मलाही कित्येकदा शेजारच्या पानावरून, शाईवरून, त्या वेळच्या उपाध्यांच्या अक्षराच्या वळणावरून अंदाज बांधावा लागतो.

हे शेजारचं पान यंत्राकडे नसतं. सध्या जे घडतंय ते असं: यजमान येतो, आपल्या घराण्याच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांच्या ग्रुपात टाकतो. तिथे तो दाबला जाऊन धूसर होतो, कुणीतरी कडा कापतं, आणि ते तुकडे आंतरजालावरच्या वंशवृक्षांना चिकटतात. कोणत्या चोपडीतलं पान, कुठल्या घरातलं, आधी-नंतर काय होतं, सगळं गेलं. म्हणजे तुमच्या नामावळीचे फोटो निघतातच आहेत, फक्त वाईट निघतात आणि तुमच्या हिशेबात राहत नाहीत. तुम्ही नाही म्हटल्याने हे थांबणार नाही.

यात खोटेपणाचाही धोका आहे. नोंदीला पुरावा म्हणून किंमत आली की नोंद ‘करून घ्यायची’ इच्छाही येते. चित्रं बनवणारी यंत्रं आता जुन्या कागदाचा पिवळेपणा आणि वाळवीची भोकंसुद्धा आणतात. त्यावर उतारा एकच, तो म्हणजे आत्ताच घेतलेली, तारीख नोंदवलेली, अख्ख्या चोपडीची प्रत. फाइलचा एक गणिती ठसा काढून ठेवता येतो, त्याला हॅश म्हणतात. चित्रातला एक ठिपका बदलला तरी तो ठसा जुळत नाही. उद्या कुणी तुमच्या चोपडीतलं म्हणून पान पुढे केलं, तर तुमच्यापाशी तपासायला काहीतरी असेल.

आणि पाणी. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर पुराचा अंदाज बांधतात, गळ्याला लागलं की दुकानं हलवतात. २००८, २०१६, २०१९ या वर्षांत गोदावरीने काय केलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. चोपड्या माळ्यावर असतील, पण वाडेही जुने झाले आहेत. कित्येक ठिकाणी पुनर्बांधणीचे करार झालेत. वाडा पडताना सामान ज्या टेम्पोत जातं, त्यात काय काय जातं?

तुमच्या मनातली भीती मी ओळखते. नामावळी फोनवर दिसू लागली तर यजमान येईल कशाला? ही वृत्ती आहे, वाडवडिलांची मिळकत आहे. भावाभावांत तिच्या वाटण्या झाल्या, खटले झाले, गावं आणि आडनावं वाटून घेतली. हे परक्याला फुकट का द्यायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी ‘द्या’ म्हणत नाही, ‘काढा’ म्हणते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरिद्वारचं उदाहरण मघाशी दिलं ते यासाठी. यजमान चोपडीतल्या ओळीसाठी येतो, पण ती ओळ त्याला वाचून दाखवणारा माणूस आणि त्या ओळीतल्या पणजोबाला तीळपाणी देण्याची जागा त्याला फोनवर मिळत नाही.

परक्याच्या हाती देण्याबद्दल मात्र माझाही सल्ला सावधगिरीचाच आहे. वंशशोध हा आता मोठा धंदा आहे. ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ ही कंपनी २०२० मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने ४.७ अब्ज डॉलरला घेतली. लाळेवरून पूर्वज सांगणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’मधून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की, आपली लाळही मालमत्तेच्या यादीत विकायला निघालीय. डीएनएचं शास्त्र खोटं नाही. कोकणातल्या बेने इस्रायल समाजावरच्या २०१६ च्या अभ्यासाने त्यांच्या पूर्वजांत ज्यू आणि स्थानिक भारतीय दोन्ही असल्याचं दाखवलं, आणि समाजात पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेलेल्या कथेला आधार मिळाला. पण समाजाच्या प्रश्नाला ते जसं उत्तर देतं, तसं ‘माझे खापरपणजोबा कोण’ याला सहसा देत नाही. त्याला कागदच लागतो. आणि कागदावरचा करार करताना वाचायची कलमं दोनच: प्रतीची मालकी कुणाची, आणि कंपनी विकली गेली तर प्रतीचं काय होतं.

मला विचाराल तर मूळ चोपडी तुमच्या घरी राहावी, पहिली प्रतही तुमचीच असावी. दुसरी प्रत नाशिकबाहेर, नदीकाठी नसलेल्या गावात असावी. तिसरी एखाद्या सार्वजनिक संस्थेत, तुमच्या अटींवर आणि लेखी करारासह. गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, राज्याचं पुराभिलेख खातं आहे. कुणाशी बोलायचं ते तुम्ही ठरवा. सूची खुली ठेवा: आडनाव, गाव, कोणत्या उपाध्यांकडे. एवढ्यानेच यजमानाची निम्मी पायपीट वाचेल आणि तो थेट तुमच्या ओट्यावर येईल. पान मात्र तुम्ही दाखवाल तेव्हाच दिसावं. हयात माणसांच्या नोंदी बंद ठेवा. चोपडीत दत्तक असतात, दुसरी लग्नं असतात, लेकावळ्यांचे उल्लेख असतात. पिढ्यानपिढ्या तुम्ही हे समोरच्याचं तोंड बघून वाचत आलात, काय मोठ्याने वाचायचं आणि कुठे नुसतं पान उलटायचं हे तुम्हाला कळतं. ते तारतम्य संगणकात घालता येत नाही, म्हणून आधी नियम करून ठेवावे लागतात.

फोटो काढणं मुळात अवघड नाही. चांगला कॅमेरा किंवा चांगला फोन वरून टांगायचा एक स्टँड, दोन्ही बाजूंनी सारखा पांढरा उजेड, बाजूला एक मोजपट्टी. चोपडीची पाठ दाबून सपाट करायची नाही. मुखपृष्ठापासून सुरुवात करून क्रमाने सगळी पानं, कोरीसुद्धा. मध्ये सापडलेल्या चिठ्ठ्या जिथे सापडल्या तिथेच टिपायच्या. रंगीतच घ्यायचं, कारण शाईच्या छटेवरून कुणी कधी भर घातली ते उमगतं. तुमच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलं हे दोन दिवसांत शिकतील. कदाचित पुरोहिती करायला तयार नसलेली मुलंही यासाठी बसतील, आणि बसल्या बसल्या मोडी वाचू लागतील. मोडी शिकवायला मी येईन, दक्षिणा नको.

शेवटचा मुद्दा बायकांचा. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो जुन्या पानांचा नसून नव्या पानांचा आहे. तुमच्या चोपडीत बाईचं नाव येतं ते बहुधा ती स्वतः तीर्थाला आली असेल तर. नाहीतर मुलगे, नातू, पुतणे, आणि मुली नाहीत. अपवाद मी पाहिलेत, पण ते अपवादच. आणि नवल असं की, तुमचा विधी याबाबत चोपडीपेक्षा उदार आहे. महालयात तुम्ही आई, आजी, पणजी विचारता, आईचे वडील, आजोबा, पणजोबा सपत्नीक विचारता. मंत्रात ज्यांना नावानिशी पाणी मिळतं, त्यांना चोपडीत ओळ का नाही? यजमान तिथे ‘अज्ञातनाम्नी’ म्हणून पुढे जातो, कारण त्याने कुठे लिहिलेलं नाही. तुम्हीही लिहून घेतलेलं नाही.

सिंहस्थाची तयारी सुरू आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, त्याआधी आणि नंतर महिनोन्‌महिने यजमानांची रीघ असेल. २०१५ च्या सिंहस्थात आलेल्या घरांत दरम्यान जन्म झालेत, मृत्यू झालेत. करोनात गेलेली माणसं आहेत, त्यांचं पुष्कळ क्रियाकर्म धड झालेलं नाही. या वेळी लेख लिहून घेताना बायकोचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि तिचं माहेरचं गाव लिहून घ्या. मुलींची नावं मुलांच्या ओळीतच घ्या. लेक लग्न करून गेली असेल तर कुठे, तेही. ज्याला आई-आजीच्या माहेरची नावं ठाऊक नसतील त्याला तिथल्या तिथे घरी फोन लावायला सांगा. घरात अजून एखादी म्हातारी असेल. लिहायला जागा कमी पडेल, तर चोपडी मोठी शिवून घ्या. आणि यजमान नसून यजमानीणच एकटी आली असेल, तर लेख तिच्याच हाताने घ्या, सहीसकट.

तुमच्यापैकी कुणी सुरुवात करायला तयार असेल तर एकाच घरातली एकच चोपडी आधी करून पाहू. ती बघून बाकीच्यांनी ठरवावं. पावसाच्या आधीचे कोरडे दिवस कागदाला बरे, एवढं ध्यानात असू द्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपल्या ओट्यावर येत राहिलेली
एक मोडीवाचक